आबा, बारक्याला तालमीतनं काढू नका

कावासाकी (जपान), रविवार रात्र

ती. आबांस शिरसाष्टांग नमस्कार,

पिंके, आधी तुला सांगतो. हे लय लांब झालंय, आबांना रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस, तू कुठं कुठं गाळतेस ते मला पक्कं माहिती आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं की आबा स्वतः वाचणार आहेत, तेव्हा चोरी पकडली जाईल.

आबा, मी बरा आहे. इथं मे महिना म्हणजे आपल्याकडं दिवाळीनंतर जशी हवा असते तसं, घाम पण येत नाही धड. पैसे पाच तारखेला टाकलेत, अण्णांना बघायला सांगा. काम तेच, म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, आणि खरं सांगतो तालमीत पाठ कशी वाकवायची आणि वजन कमरेवर कसं घ्यायचं ते शिकलो होतो म्हणून टिकलोय, बरोबरच्या दोन पोरांच्या कमरा पहिल्या महिन्यातच गेल्या.

परवा फोनवर अण्णा म्हणाले बारक्याला जूनपासून तालमीतनं काढायचं ठरलंय. उंची पाच फूट तीन, वजन सत्तावन्नच्या वर सरकत नाही, दूध-तूप-बदाम सगळं अंगाला न लागता कुठं जातंय कळत नाही, आणि जत्रेत इनामाची कुस्ती शेवटी थोराड गड्यालाच लागते, बारक्या अंगाच्या पोरानं रेवड्यांवर किती दिवस लढायचं. हे तुम्हीच म्हणालात म्हणे. फोनवर मी गप्प बसलो, तुमच्यापुढं उलट बोलायची सवय नाही. म्हणून लिहितोय, आणि सुरुवात भलतीकडनंच करणार आहे, इथल्या त्या टीव्हीतल्या कुस्तीपासनं, तर लगेच हात वर करून पिंकीला थांब म्हणू नका.

आमच्या इथं एक आजोबा आहेत, तुमच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे. जेवताना कुरकुर, औषधाला कुरकुर, पण टीव्हीवर पुरोरेसु लागलं की एकदम शांत. पुरोरेसु म्हणजे प्रोफेशनल रेसलिंग, इथले लोक असंच म्हणतात. ते सांगत होते, लहानपणी घरात टीव्ही कुणाकडंच नव्हता, 1954 साली रिकिदोझान नावाचा पैलवान अमेरिकेतनं आलेल्या दोन धिप्पाड भावांशी (मूळचे कॅनडाचे, पण लोकांना अमेरिकनच वाटले) लढला तेव्हा तोक्योत शिंबाशी स्टेशनसमोर चौकात टीव्ही लावलेला आणि माणूस माणसाच्या खांद्यावर चढून बघत होता. लढाईत हरलेला देश, आणि हा गडी उघड्या हातानं त्या गोऱ्यांना थपडा मारतोय, मग गर्दी व्हायचीच की. मी म्हटलं आमच्याकडं पण आमचे आजोबा दारासिंग-किंगकाँगचं सांगतात. पण त्यांना नुरा, म्हणजे आधी ठरवलेली कुस्ती म्हणतात हे मात्र नाही सांगितलं!

तर त्या आजोबांनी मला पहिल्यांदा लायगरचं नाव सांगितलं. जुशिन थंडर लायगर. लाल-पांढरा कपडा डोक्यापासून पायापर्यंत, तोंडावर शिंगं असलेला मास्क, मागं केसांचा झुपका. पहिल्यांदा बघून मी हसलो, दशावतारातलं सोंग वाटलं. मग रात्रपाळीत वेळ मिळेल तसं त्याच्या जुन्या कुस्त्या बघत गेलो आणि हसू हळूहळू बंद झालं.

खरं नाव केइची यामादा, हिरोशिमाचा, 1964 चा जन्म. शाळेत आपल्यासारखीच मॅटवरची खरी कुस्ती खेळलेला. इथली सगळ्यात मोठी कंपनी न्यू जपान, तिच्यात पैलवान व्हायचं एवढंच डोक्यात. तर त्यांनी सांगितलं, उंची कमी आहे, घरी जा. आबा, त्याची उंची पाच फूट सातच्या आसपास, म्हणजे आपल्या गल्लीत तो उंच ठरला असता! पण न्यू जपान काढली अंतोनियो इनोकीनं, तो सहा फुटाच्या वरचा, त्यांचं मापच वेगळं. मग हा पोरगा काय करतो, भाषा येत नाही, खिशात पैसा नाही, सरळ मेक्सिकोला जातो. तिकडं बारक्या चणीचे, मास्क घातलेले पैलवान हवेत उड्या मारत लढतात आणि लोक त्यांच्यासाठीच तिकीट काढतात. उपाशी राहून शिकला. तिथंच न्यू जपानच्या माणसांच्या नजरेत आला आणि ज्या दारातनं हाकलला होता त्याच दारातनं आत घेतला. मार्च 1984 ला पहिली कुस्ती.

तुम्हाला वजनाचं सांगायचं राहिलं. इथं ज्युनियर हेवीवेट म्हणजे पोरंसोरं नव्हेत, शंभर किलोच्या आतला गडी तो ज्युनियर. वरचे सगळे हेवीवेट. आणि अगदी आपल्या फडासारखंच, बारकी जोड आधी लावून मोकळी करायची आणि शेवटची कुस्ती मोठ्यांची. हे आधी कुणी हलवलं तर फुजिनामी नावाच्या न्यू जपानच्या पैलवानानं, 1978 ला त्यानं न्यूयॉर्कात ज्युनियरचा अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला आणि घरी आल्यावर पोरी त्याचे फोटो घ्यायला लागल्या. मग 1981 ला टायगर मास्क आला, लहान पोरांच्या कार्टूनमधला वाघ खऱ्या रिंगमध्ये, आत सायामा नावाचा बुटका पण विजेसारखा माणूस. टीव्हीसमोर अख्खा देश. दोन-अडीच वर्षांत तो भांडून निघून गेला आणि जागा रिकामी. त्या जागेवर पुढं लायगर बसला तो हललाच नाही.

पण त्याआधी डोजो. डोजो म्हणजे त्यांची तालीम, तोक्योत नोगे भागात आहे, आमच्या इथनं नदी ओलांडली की पलीकडं. एका सुट्टीला सायकलवर फुताको पुलावरून जाऊन बाहेरून बघून आलो. साधी इमारत, काही थाट नाही. नवी पोरं तिथंच राहतात, झाडलोट, धुणं, थोरल्यांचे कपडे, आणि मोठ्या पातेल्यात चांको म्हणून रस्सा शिजवायचा, सुमोवाले खातात तो. पुढचं नीट ऐका, यासाठीच एवढं लिहितोय. या पोरांना सकाळी काय करायला लावतात माहितीये? बैठका. आपल्या बैठका. पाचशे, हजार, घामाचं तळं होईपर्यंत. आणि त्याला हे लोक काय म्हणतात तर 'हिंझू सुक्वातो', म्हणजे हिंदू बैठक! कार्ल गॉच नावाचा युरोपातला पैलवान होता, त्यानं आपल्याकडच्या पैलवानांची मेहनत उचलली आणि इनोकीला आणि त्याच्या पोरांना शिकवली. मुद्गल पण फिरवतात, त्याला 'कोशिती' म्हणतात. मी दोनदा विचारून घेतलं. कोशिती. आपली कुस्तीच ती, प्रवासात जरा झिजली एवढंच. तुम्ही आम्हाला पहाटे उठवून जोर-बैठका काढायला लावायचा तेव्हा आम्ही मनात शिव्या घालायचो, आता कळतंय त्याच बैठका इथं तोक्योत लोक पन्नास वर्षं काढतायत.

पहिली काही वर्षं काळी चड्डी, काळे बूट, उड्या-बिड्या बंद, साधे चार डाव. मग बाहेरगावी पाठवतात, शिकून ये म्हणून. यामादा इंग्लंडला गेला, फुजी यामादा नावानं लढला, कॅनडात कॅलगरीला पण. आणि 24 एप्रिल 1989, तोक्यो डोममध्ये न्यू जपानचा पहिलाच मोठा फड, त्या दिवशी यामादा संपला आणि लायगर जन्मला. गो नागाई नावाच्या कार्टूनवाल्याचं 'जुशिन लायगर' म्हणून कार्टून नुकतंच टीव्हीवर सुरू झालेलं, त्याची जाहिरात म्हणूनच हे सोंग. गंमत अशी की कार्टून वर्षभरात बंद पडलं, सोंग तीस वर्षं चाललं. पिंके, हे आबांना दोनदा वाचून दाखव, त्यांना असलं आवडतं.

पुढच्याच महिन्यात न्यू जपानचा ज्युनियरचा पट्टा, आयडब्ल्यूजीपी म्हणतात तो, जिंकला. तो पट्टा एकूण 11 वेळा त्याच्या कमरेला आला, दुसऱ्या कुणालाही इतक्यांदा जमलेलं नाही. डाव विचाराल तर एक उडी आहे, शूटिंग स्टार प्रेस, 1987 ला त्यानंच काढलेली. दोराच्या सगळ्यात वरच्या टोकावर उभं राहायचं, पुढं झेप घ्यायची पण अंग मागं कोलांटायचं, पूर्ण गरगरून छाती-पोटावर खाली पडलेल्याच्या अंगावर. पंच्याण्णव किलोचं अंग, आबा. मी इथं गादीवर नुसतं मागं कोलांटी मारायला गेलो आणि दोन दिवस मान वळेना.

पण मला सगळ्यात भारी उडी नाही वाटली. 1994 च्या 16 एप्रिलला त्यानं एक फड भरवला, सुपर जे-कप, रयोगोकुच्या कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमोच्या घरात. इथल्या कंपन्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आपल्या दोन तालमींसारखंच, एकाच गल्लीत राहून सुतक पाळल्यासारखं. यानं सगळ्यांकडं जाऊन बारक्या गड्यांना एकत्र आणलं, 14 जण, एका रात्रीत निकाल. छोट्या गावांत फिरणाऱ्या कंपनीतनं आलेला ग्रेट सासुके, तोक्योत फार कुणाला माहीत नव्हता. सेमीफायनलला लायगर विरुद्ध सासुके. सासुके दोरावर चढून झेप घ्यायला गेला आणि पाय घसरून तोंडावर आपटला, अख्ख्या हॉलसमोर. लायगरनं काय केलं? टाळ्या वाजवल्या, खिजवायला. आणि ते पुरतं होत नाही तोवर सासुकेनं त्याला गुंडाळून पाठ लावली. एक दोन तीन. स्वतः फड भरवला आणि स्वतःच चितपट होऊन नव्या पोराला मोठं करून पाठवलं. फायनल कॅनडाच्या गड्यानं मारली, त्याचं पुढं फार वाईट झालं, ते जाऊ द्या. आता तुम्ही म्हणाल ठरवूनच हरला. हो की. पण हरायचं ठरवणं सगळ्यांना जमतं का? तुम्हीच सांगायचा, वस्तादानं शागिर्दाला पाठ दिली की तालमीचं नाव होतं.

आता नुराचं बोलूया, टाळण्यात अर्थ नाही. कोण जिंकणार ते आधी ठरतं, बरोबर. नुरा म्हणजे लोकांना फसवायचं, पैसा वाटून घ्यायचा, अंग चोरायचं. इथं बघायला आलेल्याला पण माहिती असतं आणि अंग मात्र कुणी चोरत नाही. 1994 लाच लायगरचा घोटा मोडला, बराच काळ घरी. 1996 ला डोक्यात गाठ निघाली. डोकं उघडून ऑपरेशन, आणि तो परत आला, परत त्याच दोरांमध्ये. फक्त उड्या कमी केल्या. जमिनीवरचे डाव, पकडी, तळहाताचा तडाखा, शोतेई म्हणतात त्याला, आणि उचलून आपटणं. तुमचा ढाक गुडघा गेल्यावर बंद झाला आणि तुम्ही घिश्श्यावर आलात, तसंच. 2001 ला ज्युनियर लोकांची स्पर्धा एकही कुस्ती न हरता जिंकला, तेव्हा वय छत्तीस.

आणि 2002 ला तर खरीखुरी झाली. पँक्रेस म्हणून फड आहे, तिथं ठरलेलं काही नसतं, गुद्दे, लाथा, गळा आवळणं सगळं खरं. ज्याची कुस्ती लागली होती तो जखमी झाला आणि ऐन वेळी लायगर उभा राहिला. समोर मिनोरु सुझुकी, एकेकाळी त्याच डोजोत याच्या हाताखाली वाढलेला पोरगा, आता त्या खेळातला मुरलेला. दोन मिनिटं पण टिकला नाही लायगर, गळा आवळून हरला. नाही गेला असता तर कुणी विचारणार नव्हतं. सतरा वर्षांनी, ऑक्टोबर 2019, लायगरनं निवृत्ती जाहीर केलेली, तोच सुझुकी त्याचा मास्क फाडत, शिव्या घालत महिनोनमहिने मागं लागला आणि कोकुगिकानमध्ये दोघांची कुस्ती झाली. सुझुकीनं मारली, गॉचच्याच नावाच्या डावानं. लायगर पडलेला. सुझुकीनं खुर्ची उचलली, आता हाणणार असं वाटलं, आणि खुर्ची फेकून दिली, गुडघ्यावर बसला आणि डोकं मॅटला टेकवलं. काही न बोलता निघून गेला. आबा, मी रात्रपाळीत ते बघताना रडलो, आणि खोली नंबर सातच्या आजी बेल वाजवत होत्या ते पण ऐकू आलं नाही.

शेवट 4 आणि 5 जानेवारी 2020, दोन दिवस, तोक्यो डोममध्येच, जिथं जन्मला तिथंच. वय पंचावन्न. पहिल्या दिवशी जुने सोबती, फुजिनामी, सासुके सगळे. दुसऱ्या दिवशी शेवटची कुस्ती, जोडीला सानो म्हणून जुना वैरी, समोर हिरोमु ताकाहाशी आणि मेक्सिकोचा ऱ्यु ली. यात काय आहे बघा, 2018 ला याच ऱ्यु लीबरोबर लढताना हिरोमुची मान मोडली होती, वर्षा-दीड वर्षानं तो परत आला, आदल्याच दिवशी ज्युनियरचा पट्टा जिंकला आणि ज्याच्या डावात मान मोडली त्याच्याच शेजारी उभा राहून लायगरशी लढला. हिरोमुनं लायगरची पाठ लावली. जायचं ते पाठ लावून घेऊनच जायचं, अशी इथली रीत. त्याच्या पुढच्या दिवशी, सहा तारखेला, निरोप झाला; निरोपाला दहा वेळा घंटा वाजवतात, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. जवळजवळ छत्तीस वर्षं लढला. आता मास्क घालूनच कॉमेंट्रीला बसतो आणि मोठमोठ्यानं ओरडतो, आपल्या जत्रेतल्या लाऊडस्पीकरवाल्यासारखा.

गेल्या आठवड्यात सुट्टी मिळाली तेव्हा कोराकुएन हॉलला गेलो. तोक्यो डोमच्या शेजारीच, एका इमारतीत पाचव्या मजल्यावर, दीड-दोन हजार माणूस मावेल एवढाच. जिन्याच्या भिंती लोकांनी लिहून लिहून भरवल्यात. तिकिटाला आपले तीनसाडेतीन हजार गेले, आईला सांगू नका. मे महिन्यात ज्युनियर लोकांचीच स्पर्धा असते, म्हणजे शेवटची कुस्ती पण बारक्यांचीच. एकही शंभर किलोचा गडी नाही आणि हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नाही. शेजारी एक बाई पाच-सहा वर्षांच्या पोराला घेऊन आलेली, पोराच्या तोंडावर लायगरचा मास्क, शिंगं माझ्या दंडाला टोचत होती. कुस्ती रंगली तशी सगळे पाय आपटायला लागले, लाकडी खुर्च्या, जमीन थरथरते, आणि मला एकदम खासबागेत हलगी तापल्यासारखं झालं. शड्डू ठोकायला हात शिवशिवला. ठोकला नाही, लोकं काय म्हणतील.

तिथं बसल्या बसल्या खाशाबा आठवले. तुम्ही त्यांची गोष्ट आम्हाला किती वेळा सांगितलीत. 1952, हेलसिंकी, गोळेश्वरचा पोरगा, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून पाठवलेला. ब्राँझ आणलं. त्याच गटात सोनं कुणी नेलं होतं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मला पण इथं येऊन कळलं. शोहाची इशिई, जपानचा. लढाईनंतरचं जपानचं ऑलिम्पिकमधलं पहिलं सोनं ते. आणि वजनी गट कुठला होता? सत्तावन्न किलो.

बारक्याचं वजन किती म्हणालात?

मला तुम्ही दहावीत म्हणाला होतात, तुझ्या हाडात वजन नाही, पुस्तकं धर. मी धरली, त्याचं वाईट नाही वाटत, इथं आलो, चार पैसे पाठवतोय. पण त्या दिवशी लंगोट धुवून दोरीवर टाकला तो परत काढायला गेलो नाही, पावसाळाभर तिथंच होता, आईला विचारा. बारक्यात माझ्यापेक्षा जास्त आहे. त्याचा पट बघितलाय मी व्हिडिओत, समोरच्याला कळायच्या आत पाय हातात असतो. एक वर्ष द्या त्याला. जत्रेच्या इनामाला नका पाठवू, मॅटवर घाला, वजनी गटात खेळू दे, जिल्ह्याला खेळू दे. खुराकाचे पैसे मी वेगळे पाठवतो, पुढच्या महिन्यापासून तीन हजार जास्त, अण्णांना आत्ताच सांगू नका, ते मोटारसायकलच्या हप्त्यात घालतील.

गुडघ्याला लावायचे पट्टे आणि मलम एका मित्राबरोबर पाठवतोय, तो जूनमध्ये साताऱ्याला येतोय. पिशवीत बारक्यासाठी लाल-पांढरा मास्क आहे. त्याला सांगा घरातच घालायचा, घालून तालमीत गेला तर वस्ताद दोन्ही शिंगं मोडून हातात देतील.

आईला नमस्कार, अण्णांना नमस्कार. डोळ्याचे थेंब वेळेवर घाला.

तुमचा,
दादा

पिंके, सत्तावन्न किलोच्या इथं आबा काय म्हणाले ते लगेच मेसेज कर. गप्प बसले तरी कळव.